रिकामी खुर्ची आणि मानमोडीचं साल

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, तांदूळ निवडत असाल तर निवडत राहा. कान तेवढे इकडे असू द्यात, कारण आज आम्ही तुम्हाला एक चित्र दाखवणार आहोत. रेडिओवर चित्र कसं दाखवणार, असं म्हणाल. बघू या, जमतंय का.

याची सुरुवात आमच्याच एका बैठकीत झाली. गटाच्या अहवालासाठी आम्ही फोनमधले जुने फोटो चाळत होतो. २०२० सालचे फोटो निघाले. मास्क शिवतानाचे होते, धान्याची पाकिटं भरतानाचे होते, कुणाच्या तरी हस्ते काहीतरी वाटतानाचे तर ढीगभर होते. तेवढ्यात एक जण म्हणाली, "अगं, पण जी माणसं शाळेत चौदा-चौदा दिवस एकटी बसली होती, त्यांचा एक तरी फोटो आहे का आपल्याकडे?" आम्ही पुन्हा सगळं वरखाली केलं. एकही नव्हता.

मग आम्हाला चाळाच लागला. साथीच्या रोगात एकट्या पडलेल्या माणसाचं चित्र कुणी कधी काढलंय का, ते शोधायचा. तर काढलंय. शंभर वर्षांपूर्वी, आपल्यापासून फार लांब, नॉर्वे नावाच्या थंड देशात. काढणाऱ्याचं नाव एडवर्ड मुंक. त्याच्या मागं लागून आम्ही कुठल्या कुठं गेलो आणि शेवटी आपल्याच एका घरच्या देव्हाऱ्यापाशी येऊन थांबलो. तो सगळा प्रवास आज तुम्हाला सांगायचा आहे.

आधी चित्र. मोठं आहे, जवळजवळ पाच फूट उंच आणि सव्वाचार फूट रुंद. एक खोली आहे. खोलीत वेताची खुर्ची आहे, आणि खुर्चीत एक पंचावन्न वर्षांचा माणूस बसलाय. अंगात घरात घालायचा ढगळ झगा, पायांवर पांघरूण. मागं पलंग आहे, त्यावरचं अंथरूण विस्कटलेलं, म्हणजे माणूस नुकताच कसाबसा उठून बसलाय. केस विरळ झालेत. चेहऱ्यावर पिवळट-हिरवट कळा आहे. डोळे नीट काढलेलेच नाहीत, नुसते खळगे वाटतात. आणि तोंड उघडं आहे. श्वास लागलाय म्हणून उघडं आहे, की काही बोलायला गेला आणि शब्द फुटला नाही, ते कळत नाही. चेहरा मात्र आपल्याकडे वळवलेला आहे. दारात कुणाची तरी चाहूल लागावी आणि आजाऱ्यानं मान वळवून बघावं, तसा. दारात उभे आहोत ते आपण, चित्र बघणारे. खोलीत दुसरं कुणीही नाही.

हा माणूस म्हणजे मुंक स्वतःच. चित्राचं नावच आहे, स्पॅनिश फ्लूमधलं स्वतःचं चित्र. साल १९१९. आज ते ओस्लो शहरातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

स्पॅनिश फ्लू हे नाव तुम्ही करोनाच्या दिवसांत ऐकलं असेल. या नावात स्पेन देशावर उगाच अन्याय झालाय. तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. लढणाऱ्या देशांनी आपल्या वर्तमानपत्रांना साथीच्या बातम्या मोकळेपणानं छापू दिल्या नाहीत, शत्रूला आपली कमजोरी कळेल म्हणून. स्पेन युद्धात नव्हता, तिथं बातम्या छापून आल्या, आणि जगाला वाटलं रोग तिथलाच. ज्यानं खरं सांगितलं त्याच्याच नावावर रोग बसला! आपल्याकडं हे होतं, हे तुम्हाला सांगायला नकोच. नॉर्वे लहानसा देश, पण तिथंही या साथीत सुमारे १५,००० माणसं गेली.

आता, असल्या चित्राला जाणकार लोक प्रतीकात्मक चित्र म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट आपल्या रोजच्या वापरातली आहे. गौरी घरात येते तेव्हा आपण देवीचा चेहरा काढतो का? उंबऱ्यापासून पावलं काढतो. पावलं दिसली की गौर आली हे पोरासोरांनाही कळतं. गावाबाहेर जुनी सतीची शिळा असते, तिच्यावर कोपरातून दुमडलेला, बांगड्या भरलेला नुसता एक हात असतो. नाव नाही, तोंड नाही. तरी तो एका बाईचा आहे आणि तिचं काय झालं, हे आपण त्या हातावरून ओळखतो. मुंकच्या चित्रातही अशी एक खूण आहे, ती म्हणजे खुर्ची. पण ती खूण वाचायची तर त्याच्या लहानपणात जावं लागतं.

मुंकचा जन्म १८६३ सालचा. वडील सैन्यातले डॉक्टर. पण डॉक्टरच्या घरात क्षय शिरला. मुंक पाच वर्षांचा असताना, १८६८ मध्ये, आई क्षयानं गेली. मागं पाच लहान मुलं. मग आईची बहीण, कारेन, घरात राहायला आली आणि तिनं सगळा संसार अंगावर घेतला. म्हणजे मुंकची मावशी. माय मरो आणि मावशी उरो, ही आपली म्हण त्या घराला तंतोतंत लागू पडते. कारेनमावशीच्या हातातही कला होती. रानातलं शेवाळ, पानं चिकटवून ती निसर्गाची चित्रं करायची. पोराच्या हातात कागद-पेन्सिल बघून तिनं त्याला रागावलं नाही, हे त्या घरावर तिचं आणखी एक ऋण.

पण क्षय गेला नव्हता. १८७७ मध्ये मुंकची थोरली बहीण सोफी गेली. पंधरा वर्षांची होती. शेवटच्या दिवसांत तिला अंथरुणातून उठवून खुर्चीत बसवलं होतं आणि त्या खुर्चीतच तिनं प्राण सोडला. मुंकनं ती खुर्ची जन्मभर टाकली नाही. घरं बदलली, गावं बदलली, देश बदलले, खुर्ची जपून ठेवली.

बहीण गेल्यावर आठ वर्षांनी त्यानं तिच्या दुखण्याचं चित्र काढायला घेतलं. वर्षभर त्यावर खपत होता. रंग लावायचा, खरवडायचा, पुन्हा लावायचा. त्या चित्राचं नाव आजारी मूल. उशीला टेकून बसलेली लालसर केसांची मुलगी, आणि तिच्याशेजारी एक बाई, मान पार खाली घातलेली. बाईचं तोंड दिसतच नाही. दिसतो तो केसांचा अंबाडा आणि वाकलेली मान. दोघींचे हात मधे कुठंतरी एकमेकींत मिसळलेत, बोटं वेगळी काढलेली नाहीत. त्या बाईसाठी चित्रकारासमोर बसली होती ती कारेनमावशीच. १८८६ मध्ये हे चित्र प्रदर्शनात लावलं तेव्हा लोक हसले. अर्धवट काम म्हणाले. मुंकनं चित्र सोडलं नाही. पुढं चाळीस वर्षांत त्यानं हेच चित्र पुन्हा पुन्हा, सहा वेळा रंगवलं.

आम्ही आपापसात या चित्रावर फार बोललो. आपल्यातल्या कितीजणी त्या बाईच्या जागी बसल्यात! दवाखान्यात सलाईन चालू असतं आणि आपण पलंगाच्या कडेला मान घालून बसलेलो असतो. आजाऱ्याचं तोंड सगळ्यांच्या लक्षात राहतं, उशाशी बसलेल्या बाईचं कुणाला आठवत नाही. मुंकनंही तिचं तोंड काढलं नाही. पण तिला वगळलं नाही, हे खरं.

१८९३ मध्ये त्यानं त्याच मरणाचं दुसरं चित्र केलं. यात सगळं कुटुंब खोलीत आहे. वडील हात जोडून उभे आहेत, मावशीचा हात खुर्चीच्या पाठीवर आहे, भावंडं आहेत. पण कुणी कुणाकडं बघत नाही. प्रत्येकाचं दुःख प्रत्येकापाशी. मधे खुर्ची आहे, आपल्याकडं पाठ केलेली, आणि सोफी त्या खुर्चीत आहे, म्हणून ती आपल्याला दिसतच नाही. एक गोष्ट बघा, बहीण गेली तेव्हा ही भावंडं लहान होती. चित्रात मात्र ती मोठी झालेली दाखवलीत, १८९३ मधल्या वयाची. सोळा वर्षं झाली, सगळे वाढले, तरी त्या खोलीतून कुणी बाहेर पडलेलंच नाही.

आता पुन्हा त्या पहिल्या चित्राकडं या. १९१९ साल. खुर्चीत सोफी नाही, मुंक स्वतः बसलाय. आणि उशाशी कोण आहे? कुणी नाही. मान घातलेली बाई नाही, पाठीवर ठेवलेला हात नाही. लहानपणापासून त्याच्या आजारपणाच्या चित्रांत ती बाई होती, आणि आता ती जागा मोकळी आहे. आमच्या मते या चित्रातला एकटेपणा त्या मोकळ्या जागेत आहे. उघडं तोंड, खोल गेलेले डोळे हे सगळं नंतरचं.

मावशी तेव्हा हयात होती, ऐंशीच्या घरात पोचलेली. धाकटी बहीणही होती. पण मुंक त्यांच्यापासून वेगळा, शहराबाहेर एकेली नावाच्या जागेत राहत होता. १९१६ मध्ये त्यानं ती जागा घेतली होती. लग्न केलंच नव्हतं. एकटं राहणं ही त्याची स्वतःची निवड होती. म्हणून आमच्यातल्या एकीला त्याची फारशी कीव आली नाही. ती म्हणाली, "खुर्ची तर खुर्ची, पण ते अंथरूण कोण आवरणार होतं?" आम्ही हसलो, पण प्रश्न खोटा नाही. विस्कटलेलं अंथरूण त्यानं चित्रात तसंच ठेवलंय, आणि ते आवरायला कुणी नाही हेही चित्रात आलंय.

मुंक बरा झाला. बरं झाल्यानंतरचंही एक चित्र त्यानं काढलं. मग आणखी पंचवीस वर्षं जगला आणि १९४४ मध्ये, ऐंशी वर्षांचा होऊन, गेला. आपली घरातली सगळी चित्रं त्यानं ओस्लो शहराला देऊन टाकली होती. सोफीची खुर्चीही तिथल्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात गेली.

त्याच साथीत दुसरा एक चित्रकार मात्र वाचला नाही. ऑस्ट्रिया देशातल्या व्हिएन्ना शहरातला एगॉन शीले, अठ्ठावीस वर्षांचा. १९१८ च्या मार्चमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, पहिल्यांदाच हातात चार पैसे आले. त्या वर्षी त्यानं एक चित्र हाती घेतलं होतं. एक पुरुष उकिडवा बसलाय, त्याच्या पुढ्यात एक बाई बसलीय, आणि बाईच्या पायांपाशी कापडात गुंडाळलेलं मूल. एकात एक ठेवलेल्या डब्यांसारखी तिघं. पुरुषाचा चेहरा शीलेचा स्वतःचा. या चित्राला पुढं कुटुंब असं नाव पडलं. पण ते कुटुंब झालंच नाही. शीलेची बायको एडिथ सहा महिन्यांची गरोदर होती. तिला फ्लू झाला. २७ ऑक्टोबरला शीलेनं तिच्या उशाशी बसून तिचं शेवटचं रेखाटन केलं, नुसत्या काळ्या रेघांत. २८ ला ती गेली. ३१ ला तो गेला. चित्र अपुरंच राहिलं.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगायची आहे. मुंकच्या उशाशी कुणी नव्हतं, एडिथच्या उशाशी तिचा नवरा होता आणि त्याच्या हातात पेन्सिल होती. म्हणून आज शंभर वर्षांनी एडिथचा शेवटच्या दिवसाचा चेहरा जगाला माहीत आहे.

त्याच ऑक्टोबर महिन्यात आपल्याकडं काय चाललं होतं?

१९१८ च्या मे महिन्याच्या शेवटी सैनिक घेऊन आलेलं एक जहाज मुंबईच्या बंदराला लागलं. जूनमध्ये गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. तिथून ताप शहरात आणि शहरातून रेल्वेनं गावोगाव. ही पहिली लाट तशी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी आली, ती काळ होऊन आली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात एका दिवसात ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. त्यातच त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. रानात पीक नाही, धान्याचे भाव चढलेले, युद्धामुळं सगळ्याचीच टंचाई. उपाशी अंगावर ताप आला. आपल्याकडं जुनी माणसं या साथीला मानमोडी म्हणायची. माणूस मान टाकायचा, म्हणून मानमोडी.

सगळ्या देशात किती गेले याचे अंदाज एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आहेत. नुसत्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त. आपल्या देशात २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी माणसं मोजली गेली, आणि प्रत्येक वेळी ती वाढलेलीच निघाली. फक्त १९११ ते १९२१ या दहा वर्षांत ती कमी भरली.

आणि आता ऐका. अमेरिकेत या साथीनं बायांपेक्षा पुरुष जास्त नेले. आपल्याकडं उलटं झालं. इथं बाया जास्त गेल्या, त्यातही वीस ते चाळीस वयाच्या, म्हणजे ऐन संसारातल्या. अभ्यास करणारे याची कारणं सांगतात ती आपल्याला वाचून कळायला नकोत. घरातल्या आजाऱ्यांचं सगळं त्याच करत होत्या, आणि दुष्काळात ताटात सगळ्यांच्या शेवटी जे उरायचं ते त्यांच्या वाट्याला यायचं. मान घालून उशाशी बसलेली ती बाई आठवा. आपल्याकडं मानमोडीनं तिलाच नेलं.

तिचं चित्र कुणी काढलं? मुंबईत तेव्हा चित्रकलेची मोठी शाळा होती, फोटो काढणारी दुकानं होती. पण खेड्यात तापानं फणफणलेल्या बाईपाशी ना कॅमेरा होता, ना पेन्सिल धरणारा हात. त्या बाया आकड्यांत आहेत. चेहऱ्यानं कुठंच नाहीत.

साथीत आजाऱ्याला जवळ करणाऱ्या बाईचं एक चित्र मात्र आपल्या ओळखीचं आहे. ते आहे सावित्रीबाईंचं. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. मुलगा डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला, आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला प्लेगची गाठ आली, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पाठीवर मूल घेतलेल्या सावित्रीबाईंचं चित्र आपण शाळेच्या भिंतीवर, जयंतीच्या फलकावर बघतो. ते मागाहून, ऐकलेल्या हकिकतीवरून काढलेलं. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती बघितल्यावर आमच्या घशात अडकते. मुलाचे हात त्यांच्या गळ्यात आहेत. ज्याला कुणी शिवायला तयार नव्हतं, दोन्ही कारणांनी, जातीनं आणि रोगानं, त्याचे हात.

त्याच वर्षी सरकारनं पुण्यात गोरे सोजीर घरात घुसवले, रोगी दवाखान्यात आणि घरचे छावणीत, अशी ताटातूट केली. लोक रोगी लपवायला लागले. विलगीकरण हा शब्द आपल्याला २०२० मध्ये कळला, आपल्या पणज्यांना तो तेव्हाच कळला होता, नाव माहीत नसताना.

आता आमचं सांगतो. सांगायला जीव तयार नाही, पण इतरांच्या एकटेपणावर एवढं बोललो, तर आपलं झाकून ठेवणं बरोबर नाही.

२०२० च्या मे महिन्यात आमच्या गावची एक लेक शहरातून परत आली. काम बंद झालं होतं, निम्मी वाट चालत आली होती. गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. त्या टाकायला आमच्यातल्याही काहीजणी होत्या, हे आज सांगायला हवं. तिला शाळेत ठेवलं. चौथीच्या वर्गात, एकटीला. गटानं जेवणाची जबाबदारी घेतली आणि ती आम्ही चोख पाळली. दोन वेळा भाकरी, भाजी, कधी वरणभात. एक दिवस चुकवला नाही. डबा व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि ती दाराशी यायच्या आत मागं फिरायचं. अंतर ठेवा असं सांगितलंच होतं, आणि ते बरोबरच होतं. पण लांब थांबून दोन शब्द बोलू नका, असं कुणीच सांगितलं नव्हतं. ते आमचं आम्हीच ठरवलं. भीती होती. आजही त्याला दुसरं नाव नाही.

पंधराव्या दिवशी ती घरी गेली. तिला काही झालं नव्हतं. आम्ही वर्ग झाडायला गेलो, तर फळ्यावर खडूनं चित्र काढलेलं. शाळेची पायरी, पायरीवर डबा, आणि लांब जाणाऱ्या चार बाया. चौघींची आपल्याकडं पाठ. डोक्यावरचे पदर, हातातल्या रिकाम्या पिशव्या, एकीची चाल जरा लंगडी, ती कोण हे आम्हाला लगेच कळलं. चित्रात ती स्वतः कुठंच नव्हती. आम्ही चौघी फळ्यासमोर उभ्या राहिलो आणि कुणी काही बोललं नाही. मग एकीनं ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसून टाकला.

तेव्हा मुंक आम्हाला माहीत नव्हता. माहीत असता तरी पुसला नसता असं नाही, कारण ते चित्र तिचं असलं तरी त्यात दिसत आम्ही होतो. मागच्या महिन्यात तिला भेटलो. तिचं लग्न झालंय, एक मुलगी आहे. आम्ही विषय काढला. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही जेवण वेळेवर आणायचा." एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला उठली. चहा छान केला होता.

आणि आता देव्हाऱ्याची गोष्ट. हे सगळं आमच्यात बोलून झाल्यावर, एकजण म्हणाली की मानमोडीत गेलेली एक बाई आमच्या देव्हाऱ्यात आहे. आम्ही चमकलो. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो.

तुमच्या घरातही देवांचे टाक असतील. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले, कुणाचा खंडोबा, कुणाची भवानी. काही घरांत त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसांचेही टाक असतात. आणि पूर्वी पहिली बायको वारली की दुसरी जी यायची, तिच्या गळ्यात काही घरांत पहिलीचा टाक बांधायचे. सवतीचा टाक. पहिलीचा जीव संसारात अडकलेला असतो, तिला मान द्यायचा, नाहीतर ती त्रास देते, अशी समजूत. समजूत बाजूला ठेवा. पण बघा, ज्या बाईचं कुणी चित्र काढलं नाही, तिचं दोन बोटांएवढं चित्र सोनारानं ठोकून दिलं होतं, आणि ते दुसऱ्या एका बाईनं जन्मभर गळ्यात वागवलं.

आमच्या मैत्रिणीच्या घरचा टाक तसाच होता. तिच्या सासूबाईंच्या आजेसासऱ्यांची ती पहिली बायको. मानमोडीच्या साली घरातली पाच माणसं तापानं पडली होती, तिनं सगळ्यांचं केलं, सगळी उठली आणि मग ती पडली. दोन दिवसांत गेली. एवढी हकिकत घरात चालत आलेली आहे. दुसरी आली, तिनं टाक घातला. ती गेल्यावर तो देव्हाऱ्यात आला.

मैत्रिणीनं तो आमच्या तळहातावर ठेवला. एक उभी बाई. लुगड्याच्या निऱ्यांच्या रेघा अजून हाताला लागतात, एका हाताच्या जागी बारीक उंचवटा आहे. चेहरा मात्र नाही. शंभर वर्षं दर दसऱ्याला चिंचेनं घासून घासून तो झिजून सपाट झालाय.

आम्ही नाव विचारलं. मैत्रिणीला ठाऊक नव्हतं. तिनं आत जाऊन सासूबाईंना विचारलं. सासूबाई बाहेर आल्या, टाक हातात घेतला, पदरानं पुसला, उजेडाकडं धरला. बराच वेळ आठवत राहिल्या.

"नाव काही कुणी सांगितलं नाही बाई," त्या म्हणाल्या. "आम्ही तिला थोरली म्हणतो."